बारा तीसचा मुहूर्त

कलकत्ता, ५ मार्च १९७८

प्रिय इश्वर,

हे पत्र पोचेल तेव्हा तू मुंबईत जमिनीवर असशील की हवेत, ते देव जाणे आणि तुमचा रोस्टर लिहिणारा बाबू जाणे. म्हणून आधी बातमी सांगून मोकळा होतो. माझं लग्न दुसऱ्यांदा मोडता मोडता राहिलं आहे.

पहिली खेप तुला ठाऊकच आहे. डिसेंबरात साक्षगंध होतं आणि मी गौहाटीला धुक्यात अडकलो. अड्याळला ललिताच्या घरी शंभर पानं वाढून तयार, आणि नवरदेव गौहाटीच्या बाकावर बूट उशाशी घेऊन पडलेला. मग फेब्रुवारीत थेट लग्नच धरलं. तर आमच्याकडचे तीन को-पायलट एकदम काविळीने आडवे झाले आणि माझी रजा रद्द! तार पोचली तेव्हा मांडवाच्या बल्ल्या गाडून झाल्या होत्या.

आता मारोतराव स्वतः कारध्याला येऊन आमच्या बाबांना सांगून गेले. ललिताचे वडील म्हणजे रिटायर स्टेशनमास्तर, मिशांपासून चपलांपर्यंत रेल्वे. बाबांनी त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून पाठवलेत: "टिकारामजी, एकतीस वर्ष नोकरी केली, माह्या हातानं गाडी कधी एक मिनिट लेट सुटली नाई. तुमचा पोट्टा दोन खेपा आलाच नाई. आता तिसरी तारीख देतो. त्या दिवशी मुहूर्तावर तो मांडवात नसन, तं पोरगी लाखनीच्या वकिलाले देईन." वकील खरोखर आहे. त्यांच्याकडच्या पंगतीला शेवटच्या रांगेत जेवायलाही हजर असतो म्हणे.

इश्वर, तू हसशील, पण मला हीच मुलगी हवी आहे. मी पायलट आहे म्हटलं की लोक विचारतात, भीती नाही वाटत का, पगार किती. हिने पोह्यांची बशी पुढे ठेवली आणि विचारलं, "मंग तुम्ही जेवता कवा?" नऊ वर्षांच्या नोकरीत हे मला कोणी विचारलं नव्हतं. 

रजेचं काय करावं म्हणून आमच्या कॅप्टन भरुचांकडे गेलो. पारशी म्हातारा, लढाईत इंफाळवरून हरिकेन लढाऊ विमान उडवलेला, निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. विमान वर जाऊन सरळ झालं की बरोबर एक उकडलेलं अंडं सोलतो, मग जगाशी बोलतो. माझं रोस्टरचं रडगाणं ऐकून म्हणाला, "डिकरा, आमचं रोस्टर एका ओळीचं होतं. उजाडल्यापासून मावळेपर्यंत, आणि परत आलात तर उद्याही."  मी मीठ पुढे केलं.

एक गंमत राहिली. मागच्या सुट्टीत आईला कळवलं की साडेसहाला पोचतो. तिने सकाळी सहालाच कढई चढवली, आणि मी उगवलो दुपारी बाराला. आपल्या ड्युटीच्या कागदावरचे सगळे टाइम ग्रिनिचचे असतात, त्यात साडेपाच तास मिळवले की आपले होतात, हे मीच कळवायला विसरलो. थंडगार वडे मुकाट्याने खाल्ले.

तुझा
घनश्याम

---

मुंबई, १५ मार्च १९७८

घनश्यामदादा,

तू माझा मावसभाऊ आहेस हे मी इथे कोणाला सांगत नाही. दोन वेळा स्वतःच्या लग्नाला गैरहजर राहणारा माणूस आमच्या खानदानात आहे, हे कळलं तर मला कोण मुलगी देईल?

रजेसाठी तुझ्या भरुचांकडे जाऊ नकोस. लढाईत विमानं उडवलेल्या म्हाताऱ्यांना रजा हा शब्दच ठाऊक नसतो. आमचे कॅप्टन पिंटो सत्तेचाळीस साली डकोटा घेऊन श्रीनगरला उतरत. खाली धावपट्टीवर उभी असलेली माणसं आपली की टोळीवाले, हे वरून कळायला मार्ग नाही. मी विचारलं, मग ठरवायचात कसं? म्हणाले, "खाली घ्यायचं. हात हलवले तर आपले." आणि हात नाही हलवले तर? "तर आपण हलवायचे." असं सांगून ते माझ्याकडे अशा नजरेने पाहत राहिले, जणू मेमधली माझी कमांडची परीक्षा ह्याच एका उत्तरावर आहे. ती परीक्षा हैदराबादला आहे बरं का. पास झालो तर डाव्या खुर्चीत बसेन आणि तुझ्याआधी कॅप्टन होईन. तेव्हा मला अहो-जाहो करायची सवय आत्तापासून लावून घे.

आता कामाचं. एप्रिलमध्ये मला बारा दिवस रजा आहे. मी स्वतः अड्याळला जातो, मारोतरावांचे पाय धरतो आणि तारीख, मुहूर्त सगळं पक्कं करून तुला कळवतो. तू फक्त अर्ज टाक, आणि रोस्टरवाल्या बाबूला रोज पान खाऊ घाल.

तुझा
(होणारा कॅप्टन) इश्वर

---

मु. कारधा, जि. भंडारा
१२ एप्रिल १९७८

दादा,

मोहीम फत्ते!

काल मावसोबांच्या सायकलवर अड्याळला गेलो. काल बाजार होता, त्यामुळे मारोतरावांच्या ओसरीवर निम्मं गाव आधीच बसलेलं. मी पाया पडलो तर म्हणाले, "तुम्ही कोन? नवरदेव का नवरदेवाची तार?" सगळे हसले, मीही हसलो. मग मी त्यांना धुकं म्हणजे काय ते समजावलं. तर ते म्हणाले, धुक्यात आम्ही रुळावर फटाके ठेवत होतो, ते फुटले की ड्रायव्हरला कळे पुढे सिग्नल आहे, तुमच्या आभाळात तेवढीही सोय नाही का?  ह्यांना पिंटोसाहेबांसमोर बसवायला हवं.

तेवढ्यात आतून ललिताचा आवाज आला, "त्याईले पहिले जेवू द्या, मंग भांडा." तुझी निवड बरोबर आहे एवढंच लिहितो. वांग्याची भाजी आणि पोपटाच्या शेंगांची आंबट डाळ होती. तुझ्या वाटणीचंही मीच जेवलो.

जेवण झाल्यावर पंचांग निघालं, भटजी आले, आणि मारोतरावांनी खिशातल्या डायरीत नोंद करून मला वाचून दाखवली. ती तशीच उतरवतो: रविवार, १४ मे. स्थळ अड्याळ. मुहूर्त १२३०.

पत्रिका भंडाऱ्याच्या छापखान्यात पडून आहेत, खिळे जुळवणाऱ्याच्या घरीच लग्न निघालंय. तुला वेळेवर मिळतील असं दिसत नाही, म्हणून हेच पत्र पत्रिका समज. आता तारीख तुझ्या हातात, आणि म्हाताऱ्याच्या हातात घड्याळ. ते साखळीला बांधलेलं आहे आणि दर दहा मिनिटांनी बाहेर येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मला लग्नाला येता येणार नाही. माझी परीक्षा नेमकी त्याच आठवड्यात आली. पोट भरून शिव्या दिल्यात, पण तारीख बदलत नाही.

इश्वर

---

कलकत्ता, ५ मे १९७८

प्रिय इश्वर,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि मी आज उत्तर लिहितोय. दिब्रुगड, इंफाळ, आगरतळा, पुन्हा दिब्रुगड, असं चाललंय. राग मानू नकोस. तू येणार नाहीस ह्याचं वाईट वाटतं. तुझ्याशिवाय माझी टर उडवणार कोण?

रजा मिळाली! पण पंधरा तारखेपासून. मी हताश होऊन बसलो होतो, तर भरुचांनीच मार्ग काढला. चौदाला कलकत्ता-नागपूर फेरी त्यांची आहे. त्यांनी मला त्या फेरीवर मागून घेतलं. नागपूरला माझ्या जागी दुसरा को-पायलट चढणार आणि मी तिथेच मोकळा. सुटायची वेळ ०१३०, नागपूरला ०४५०. म्हणजे आपले सकाळचे दहा वीस. तिथून टॅक्सीने भंडारा, कारध्याचा पूल ओलांडून अड्याळ. रमतगमत गेलो तरी दुपारी दोनला पोचतो. मुहूर्त १२३०, म्हणजे संध्याकाळचे सहा. गायी घरी येतात त्या वेळेचं लग्न! मारोतराव कितीही रेल्वेचे असले तरी मनाने रसिक दिसतात. हळद लावून, अंघोळ करून, तासभर डोळाही लागेल.

आईबाबांना कळवून टाकलंय: "वरातीत माझी वाट पाहू नका, मुहूर्ताच्या दोन तास आधी थेट मांडवात येतो." बाबांचं उत्तर आलं, सगळे खूष आहेत. मारोतरावांनीही निरोप धाडला, "दोन घंटे पहिले म्हनजे शानं पोट्टं आहे."

तेव्हा तू निर्धास्त परीक्षा दे. पिंटोसाहेबांनी विचारलं तर हात हलव.

घनश्याम

---

हैदराबाद, १३ मे १९७८

दादा, अरे दादा,

तुझं पाच तारखेचं पत्र मुंबईला जाऊन, तिथे पडून, आज इथे माझ्या हातात आलं. वाचलं आणि घाम फुटला. अरे, मुहूर्त दुपारी साडेबारा! दुपारी! भर उन्हात! मारोतराव रेल्वेचे, ते चोवीस तासांच्या घड्याळाने लिहितात, आणि मी गाढवासारखं त्यांचं तसंच उतरवलं. तुला-मला आकडा दिसला की ग्रिनिचच दिसतं, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आणि 'दोन तास आधी' म्हणजे तिथे साडेदहा समजून सगळे निवांत बसले आहेत!

कलकत्त्याला तार केली, अड्याळला तार केली, कारध्याला तार केली. तारबाबू म्हणाला उद्या रविवार, पोचतीलच असं नाही. कलकत्त्याचा ट्रंक कॉल लावून चार तास बसलो, लागला नाही. हे पत्रही तुला लग्नाच्या आधी मिळणार नाही, हे कळतंय. तरी लिहितोय, कारण इथे दुसरं काय करू?

परवा माझी परीक्षा आहे. मला विमानाचं काहीही आठवत नाही. मला फक्त लाखनीचा वकील दिसतो आहे. काय झालं ते ताबडतोब कळव. काहीही झालं असलं तरी कळव.

इश्वर

---

कारधा, २२ मे १९७८

प्रिय इश्वर,

तुझी कारध्याची तार सोमवारी आली, अड्याळचीही त्याच दिवशी; कलकत्त्याची तिथेच पडली असेल. पोस्टमन म्हणाला, काही वाईट तर नाही ना? आम्ही सगळे इतके हसलो की तो चहा न घेताच गेला.

आता क्रमाने सांगतो. चौदाला रायपूरचा थांबा घेऊन पुन्हा वर आलो. भरुचांनी अंडं सोललं आणि विचारलं, "तर आज किती वाजता फाशी?" मी म्हणालो, बारा तीस झुलू. आपण ग्रिनिचला झुलू म्हणतो हे तुला सांगायला नको. म्हाताऱ्याचं अंडं हातातच राहिलं. म्हणाला, "डिकरा, तुमच्या गावात कोणता भटजी ग्रिनिचचं घड्याळ वापरतो?"

इश्वर, तुझं पत्र डोळ्यांसमोर आलं. मारोतरावांची डायरी, त्यांचं घड्याळ, साडेबारा. घड्याळात तेव्हा आपले दहा वाजायला पाच मिनिटं होती.

भरुचा मात्र खुषीत आले. म्हणाले, "चव्वेचाळीसमध्ये मी हेच केलं होतं. चिंडविन नदीकाठी आपल्या फौजेची एक तुकडी अडकली होती. त्यांना कळवलं, सहाला येऊन निरोपाची पिशवी टाकतो. ते सकाळी सहाला धूर करून बसले. मी गेलो ग्रिनिचच्या सहाला, म्हणजे त्यांच्या दुपारी साडेबाराला. साडेसहा तास बिचारे ओली लाकडं जाळत होते." मी विचारलं, मग रागावले असतील? "नाही. धूर चालू होता ना. ज्यांना तुम्ही यायला हवे असता, ते विझवत नाहीत." मग त्यांनी नागपूरला सरळ येण्याची परवानगी मागितली, आणि आम्ही दहा वाजून आठ मिनिटांनी उतरलो. मला खुर्चीतून उठवून म्हणाले, "कागद मी भरतो. तू पळ."

टॅक्सी मिळाली. भंडाऱ्याला बारा वाजले. आणि कारध्याच्या पुलावर, काय सांगू तुला, समोरून दुसरीच एक वरात! अरुंद पूल, तीस बैलबंड्या, मध्ये बॅन्ड, आणि घोड्यावरचा नवरदेव मजेत गूळ-फुटाणे खात चाललेला. टॅक्सीवाला म्हणाला, आता अर्धा तास विसरा. मी टॅक्सी सोडली आणि गणवेशात, टोपी काखेत धरून, वैनगंगेच्या पुलावरून पळत सुटलो. त्या वरातीतल्या बाया ओरडल्या, "हा पुलिसवाला कोनाच्या मांगं पळून राहिला?"

घराला कुलूप. सगळं कारधं अड्याळला गेलेलं. फक्त शेजारचे जागेश्वरकाका मागे राहिले होते, त्यांची म्हैस व्यायला झाली होती. मला पाहून ते उडालेच. "घनश्याम! तू अठी काहून? तुहं तं तठी लगीन लागून राहिलं असन!" त्यांनी म्हैस बायकोवर सोपवली आणि राजदूत काढली. काका आयुष्यात कधी दुसऱ्या गिअरच्या पुढे गेले नव्हते. त्या दिवशी गेले.

एक वाजून पंधरा मिनिटांनी मांडव दिसला. वाजंत्री बंद. मला वाटलं, संपलं सगळं.

आत काय झालं होतं ते मला नंतर आईने सांगितलं. साडेदहा झाले, अकरा झाले, बारा झाले. आईने घरून माझी जुनी टोपी आणली होती, आदल्या दिवशी माझ्या जागी हळद त्या टोपीलाच लावली होती, ती घेऊन बसली. साडेबाराला मारोतरावांनी घड्याळ काढलं. बारा एकतीसला ते बंद केलं आणि उभे राहिले. "टिकारामजी, झालं." बाबांनी मान खाली घातली. वकील खरंच आला होता, आणि त्याने म्हणे सदऱ्याची वरची गुंडी लावली.

तेव्हा ललिता पाटावरून उठली. दोनशे माणसांसमोर. म्हणाली, "बाबा, गाडी लेट असली तं तुम्ही टेसन बंद करून घरी येत होते का?"

 मग तीच म्हणाली, "मालगाडीसाठी रातभर बसले तुम्ही. मी बसतो. तुम्हाले जेवाचं असन तं जेवून घ्या." आणि परत पाटावर जाऊन बसली. मारोतराव तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. भटजींना म्हणाले, "पहा जी पंचांगात, पुढचा टाइम कोनता हाय." भटजींना एक चाळीसचा सापडला. त्यांनाही भूक लागली होती.

मी सगळ्यांसमोर हात जोडून ग्रिनिचचं सांगितलं.  मग मारोतराव म्हणाले, "चूक माही. 'दुपार' हा शब्द लिवाले पायजे होता मी." एकतीस वर्षांत हा माणूस पहिल्यांदा चूक कबूल करतोय, असं सासूबाई म्हणाल्या आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. एक चाळीसला अक्षता पडल्या. मी गणवेशातच होतो, अंगावर पुलाची धूळ, हळद फक्त टोपीला. वकील पोटभर जेवून गेला. जाताना मला म्हणाला, "तुमचे नशीब जबरदस्त आहे, साहेब." ते मी मान्य केलं.

मी सुखात आहे, इश्वर. इतका की रजा संपत आली तरी रोस्टरला शिवी द्यायची आठवण होत नाही. तुझ्या परीक्षेचं काय झालं? पिंटोसाहेबांची नवी गोष्ट असेल तर लिही, भरुचांच्या माझ्याकडे अजून चार शिल्लक आहेत. ललिताला तुला दोन ओळी लिहायच्या आहेत, जागा सोडतो.

घनश्याम

इश्वरभाऊजींना नमस्कार.

ह्यांनी सगळं लिहिलं, पण एक गाळलं. मांडवात आल्यावर ग्रिनिच वगैरे नंतर. आधी हे माझ्यासमोर उभे राहून लहान पोरासारखे रडले. आता म्हणतात डोळ्यात धूळ गेली होती.

मी बाबांना उलटून बोलले ते सगळे कौतुकाने सांगतात. भाऊजी, मी काही धीट नाही. साडेबारा झाले तेव्हा मांडवातले सगळे घड्याळाकडे पाहत होते, आणि मी मांडवाच्या फटीतून आभाळाकडे. हे येणार नाहीत असं माझ्या मनात आलंच नाही. दोन तास आधी येतो म्हणून सांगणारा माणूस आला नाही, म्हणजे विमानच आलं नाही, एवढं एकच डोक्यात. वकील, मुहूर्त, मला काही दिसत नव्हतं. उठून बोलले ते एवढ्याचसाठी, की लोक पांगले तर ही गोष्ट खरी होईल असं वाटलं. ह्यांचे बूट वाजले तेव्हा मी आधी दोन हात, दोन पाय मोजले.

तुम्ही दोघं भाऊ त्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी इतक्या हसून सांगता. त्यांच्याही घरी कोणी तरी असेल ना खाली? ते कोणी तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही, म्हणून मी सांगते. तुम्ही परीक्षा पास झाला असाल, मला खात्री आहे. आता मोठे कॅप्टन व्हा. पण दोघांनीही, जिथे उतराल तिथून, आधी एक कार्ड टाकायचं. "उतरलो," एवढंच लिहिलं तरी चालेल. गोष्टी मग निवांत सांगा, मी रोज ऐकायला बसेन.

आपली वहिनी
ललिता